देवाला ‘माऊली’ म्हणतो तेव्हा आपण नेमकं काय म्हणतो?

बेळगाव-खानापूर तालुक्यांतल्या मराठी गावांत पारायणाचा सप्ताह बसला की रात्री कीर्तन होतं. त्या तास-दोन तासांत देवाबद्दल किती तऱ्हांनी बोललं जातं, ते एकदा कान देऊन ऐकण्यासारखं आहे. विठ्ठल आधी माऊली असतो. मग सखा होतो, मग पंढरीचा राणा. आणि निरूपण रंगात आलं की तेच बुवा सांगतात, त्याला रूप नाही, गुण नाही, वाचा तिथवर पोचत नाही. मंडपातलं कुणी उठून विचारत नाही की बुवा, रूप नसलेली आई असते तरी कशी? दोन्ही वाक्यांना माना सारख्याच डोलतात.

या माणसांना विसंगती कळत नाही, असं मी मानत नाही. माझ्या मते देवाबद्दलचे शब्द ती फार नेमकेपणानं वापरतात. त्यामागचे नियम मात्र त्यांनी कधी मांडून पाहिलेले नसतात, कारण तशी गरजच पडत नाही. नियम मांडायचं काम निरनिराळ्या धर्मांतल्या विचारवंतांनी केलं आहे. ते समजून घेतलं तर आपल्याच अभंगांत काय चाललंय हे जास्त चांगलं दिसतं, म्हणून हा लेख.

आधी अडचण पाहू. आपले सगळे शब्द माणसांच्या जगात घडलेले आहेत. शहाणा, दयाळू, चांगला हे शब्द आपण आजूबाजूची माणसं पाहून शिकलो. देव तर माणूस नाही, वस्तूही नाही. जे काही आहे त्या सगळ्याचं मूळ तो, असं मानणारा मानतो. मग माणसांवर बेतलेला शब्द त्याला कसा लागू व्हायचा?

एक उत्तर असं की शब्दाचा अर्थ दोन्हीकडे तंतोतंत एकच. शेजारची बाई दयाळू आहे आणि देव दयाळू आहे, फरक फक्त मापाचा. हे पटकन पटतं, पण त्यात देव म्हणजे एक खूप मोठा माणूस होऊन बसतो. माणसाची दया कधी येते, कधी जाते. कुणाचं दुःख दिसलं की तिला पाझर फुटतो, दिसलं नाही तर फुटत नाही. देवाची दयाही तशीच म्हटली, तर त्याला आधी कुणीतरी बातमी कळवावी लागेल.

दुसरं उत्तर याच्या अगदी विरुद्ध टोकाचं. देवाबद्दल बोलताना शब्दाचा अर्थ पूर्ण वेगळा असतो, माणसाच्या दयेशी त्याचा काडीचाही संबंध नाही. यात देवाचा मोठेपणा राखला जातो खरा, पण आपलं वाक्य पोकळ होतं. ‘देव दयाळू आहे’ याऐवजी ‘देव अमुकतमुक आहे’ म्हटलं तरी तेवढंच कळेल, म्हणजे काहीच नाही.

या दोन्हींतून सुटायचा एक जुना मार्ग म्हणजे नकाराचा. देव काय आहे हे सांगायचंच नाही, काय नाही तेवढं सांगायचं. बृहदारण्यक उपनिषदातलं ‘नेति नेति’ सगळ्यांना माहीत असतं. पण या मार्गावरचं सगळ्यात धारदार विवेचन मराठीत आहे, याचा उल्लेख फारसा होत नाही. ज्ञानेश्वरांच्या अमृतानुभवाचं पाचवं प्रकरण ‘सच्चिदानंद’ या एका शब्दावर आहे. सत्, चित्, आनंद हे तीन तरी परमात्म्याचे खरे गुण असतील, असं आपण धरून चालतो. ज्ञानेश्वर म्हणतात, नाही. ‘सत्’ म्हटलं ते तो नसलेपणापासून वेगळा आहे एवढं सांगायला, ‘चित्’ म्हटलं ते तो जड नाही हे सांगायला, आणि ‘आनंद’ म्हटलं ते तिथे दुःख नाही म्हणून. हे शब्द दुसऱ्या गोष्टी बाजूला सारतात आणि तिथे त्यांचं काम संपतं. याला त्यांनी दिलेलं नाव आहे अन्यव्यावृत्ती. शब्द वाचक नव्हे, म्हणजे परमात्म्याला तो थेट सांगत नाही. आणि पुढच्या, सहाव्या प्रकरणाचं नावच शब्दखंडन!

त्यांच्या आधी साधारण शंभर वर्षं ज्यू पंडित मायमोनिडीज (११३८–१२०४) जवळपास हेच लिहून गेला होता. स्पेनमध्ये जन्मलेला, इजिप्तमध्ये वैद्यकी करणारा हा माणूस. देवाला जिवंत म्हणायचं ते ‘तो मृत नाही’ एवढ्याच अर्थानं, असं त्याचं म्हणणं. त्याच्यात आणि आळंदीच्या ज्ञानदेवात कसलाही धागा असण्याची शक्यता नाही, आणि म्हणूनच हे साम्य मला विलक्षण वाटतं. दोघंही एकाच खिंडीत येऊन पोचले.

जाता जाता सांगण्यासारखी एक गोष्ट. बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्ती आहे, रट्ट राजवटीत बांधलेलं नेमिनाथ तीर्थंकरांचं मंदिर. तिचं बांधकाम १२०४ सालचं, म्हणजे मायमोनिडीज वारला त्याच वर्षीचं. जैन विचारात जग निर्माण करणारा देव नाही, त्यामुळे त्यांची अडचण आपल्यासारखी नाही. तरी कुठल्याही वस्तूबद्दल बोलायच्या त्यांच्या सात रीतींत ‘अवक्तव्य’, म्हणजे सांगता न येणारं, ही एक रीत पहिल्यापासून धरलेली आहे. भाषेची हद्द ओळखणं ही एका कुठल्या धर्माची मिरास नाही.

पण नुसत्या नकारावर कुणी जगत नाही. काकड्याला पहाटे उठून ‘जो जड नाही’ त्याला कुणी हाक मारत नाही. आणि विचाराच्या बाजूनंही यात उणीव आहे. ती दाखवली थॉमस अक्वायनस (सुमारे १२२५–१२७४) या इटालियन ख्रिस्ती साधूनं. मायमोनिडीजचं नाव घेऊनच त्यानं त्याला उत्तर दिलं आहे. त्याचं म्हणणं असं: लोक जेव्हा ‘देव जिवंत आहे’ म्हणतात, तेव्हा ‘तो दगडासारखा निर्जीव नाही’ एवढंच त्यांना म्हणायचं नसतं. त्यांना काहीतरी जास्त म्हणायचं असतं. ते जास्तीचं काय, याचा हिशेब द्यायला हवा.

अक्वायनसनं दिलेला हिशेब म्हणजे सादृश्याचा मार्ग. एकच शब्द दोन ठिकाणी वापरला, अर्थ अगदी तोच नाही आणि अगदी परकाही नाही. दोन अर्थांत एक नातं आहे. हे ऐकायला अवघड वाटतं, पण असे शब्द आपण घरात रोज वापरतो. उन्हाळ्यात आई सांगते, पपई खाऊ नको, उष्ण असते. पपईला हात लावून पाहा, गारच लागेल. तरी वाक्य खोटं नाही. मूळ अर्थानं उष्ण होतं ते आपलं अंग. पपईमुळे अंगात उष्णता वाढते असं मानतात, म्हणून तीही उष्ण. उन्हाळी लागली तर लघवी उष्ण झाली म्हणतात, कारण तिथे त्या उष्णतेची खूण दिसते. शब्द एकच, एकीकडे ती स्थिती, दुसरीकडे तिचं कारण, तिसरीकडे तिचं लक्षण. अक्वायनसनं स्वतः ‘निरोगी’ हा शब्द घेऊन हेच समजावलं आहे. प्राणी निरोगी, औषध निरोगी कारण ते आरोग्य देतं, आणि लघवी निरोगी कारण ती आरोग्य दाखवते.

मग देव चांगला आहे याचा अर्थ, जगात जे चांगलं आहे त्याचं कारण तो आहे, एवढाच का? इथे अक्वायनस थांबत नाही, आणि मला त्याची हीच गोष्ट सगळ्यात आवडते. तो स्वतःच हरकत घेतो. देव तर दगड-मातीचंही कारण आहे. मग ‘देव चांगला’ म्हणता तसं ‘देव दगड आहे’ असं त्याच अर्थानं का म्हणत नाही? आपण तसं म्हणत नाही, म्हणजे कारण असण्यापलीकडे आपल्याला काही सांगायचं आहे. पपई स्वतः गार असू शकते, पण देव स्वतः चांगुलपणाविना राहून नुसता चांगुलपणा वाटतो, असं मानणारा कुणी भक्त नाही. त्याला म्हणायचं असतं की चांगुलपणा मुळात तिथेच आहे, पुरेपूर आहे, आणि माणसांत आपण पाहतो तो तिथूनच आलेला.

इथे तो एक भेद करतो, आणि तो नीट समजला की बाकीचं सोपं होतं. शब्द ज्या गोष्टीकडे बोट दाखवतो ती एक, आणि शब्दाची दाखवण्याची पद्धत दुसरी. ‘चांगुलपणा’ हा शब्द ज्याच्याकडे बोट दाखवतो ते देवात आहेच, माणसाच्याही आधी आहे. पण शब्दाची पद्धत माणसाची. आपल्या भाषेत चांगुलपणा हा एक गुण असतो, कुणाला तरी येऊन चिकटणारा, कमीजास्त होणारा. ही पद्धत देवाला लागू नाही. म्हणून एकाच शब्दाबद्दल ‘हो, हे खरं आहे’ आणि ‘नाही, असं नाही’ हे दोन्ही म्हणावं लागतं. कीर्तनकार आधी गुण गातो आणि मग निर्गुण म्हणतो, तो नेमकं हेच करत असतो.

आता आपल्या शब्दाकडे येऊ, आईकडे. तुकोबांचा अभंग आहे, ‘लेकराचे हित वाहे माऊलीचे चित्त’. पुढे लगेच येतं, ‘करी लाभाविण प्रीती’. हा अभंग देवाबद्दलचा आहे असं पुष्कळांना वाटतं, पण शेवटच्या चरणात तुकोबा आपलं ओझं टाकतात ते संतांवर. म्हणजे इथे माऊली आहेत संत. आपल्या विषयासाठी हे फार उपयोगाचं आहे. गाय वासराची आई असते ती गाईच्या रीतीनं. चाटते, पान्हा सोडते. बाई लेकराची आई असते ती बाईच्या रीतीनं, त्यात काळजी असते, आठवण असते, रागावणंही असतं. संतानं कुणाला जन्म दिलेला नसतो, तरी तो माऊली. तिथे पान्हा नाही, उरलं काय? हित वाहणं आणि लाभाविण प्रीती. तुकोबांनी शब्दाच्या सोबतच सांगून टाकलंय की आईपणातलं काय उचलायचं. हाच शब्द विठ्ठलापर्यंत नेला की शरीर, वय, थकवा, मरण हे सगळं गळतं, आणि लाभाविण प्रीती उरते, तीही कसलीच हद्द नसलेली. प्रत्येक पायरीवर जो तो आपापल्या असण्याच्या रीतीनं आई आहे. सादृश्याच्या या दुसऱ्या प्रकाराला प्रमाणाचं सादृश्य म्हणता येईल. १४९८ साली कॅयेटान नावाच्या इटालियन पंडितानं त्यावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला.

अक्वायनस इथे आणखी काटेकोर होईल. त्याच्या मते ‘आई’, ‘खडक’, ‘मेंढपाळ’ या प्रतिमा. त्यांच्या अर्थातच शरीर मिसळलेलं आहे, त्यामुळे देवाला त्या रूपकानंच लागू होतात. ‘चांगला’, ‘ज्ञानी’, ‘जिवंत’ या शब्दांच्या अर्थात शरीर येत नाही, म्हणून ते खऱ्या अर्थानं लागू होतात, सादृश्यानं का होईना. आपल्या माऊलीतली लाभाविण प्रीती दुसऱ्या गटात बसेल आणि कडेवर घेणं पहिल्या. भेद बरोबर आहे. फक्त अभंगात हे दोन्ही इतके एकजीव असतात की त्यांना सोडवून वेगळं करताना कविता हातची जाते.

त्याच्यानंतरच्या पिढीतला जॉन डन्स स्कोटस (मृत्यू १३०८) याला हे सगळंच पटलं नाही. दोन अर्थांत नातं आहे म्हणता, तर निदान एक धागा दोन्हीकडे तंतोतंत सारखा हवाच. नाहीतर माणसावरून देवाकडे नेणारा कुठलाही युक्तिवाद मध्येच तुटेल. हा आक्षेप वजनदार आहे आणि आजही त्यावर लिहिलं जातं. मला स्वतःला अक्वायनसची बाजू जवळची वाटते, कारण धागा सारखा आहे म्हटलं की तो कुठे संपतो हे सांगायची जबाबदारी येते, आणि ते सांगायला देव दोन्ही बाजूंनी दिसायला हवा.

विसाव्या शतकात इयन रॅम्झी या इंग्रज धर्मचिंतकानं १९५७ सालच्या पुस्तकात धार्मिक भाषेची एक घडण दाखवली. तो म्हणाला, देवाबद्दलच्या शब्दांत दोन भाग असतात. एक ओळखीचा नमुना: पिता, राजा, ज्ञानी. आणि त्याला जोडलेलं एक विशेषण, जे त्या नमुन्याला ओढत ओढत त्याच्या हद्दीपलीकडे नेतं: अनंत, अनादि, सर्व. नमुना पायाखालची जमीन देतो, विशेषण तिथे थांबू देत नाही. ओढत नेता नेता कधीतरी ऐकणाऱ्याला एकदम उमगतं की आपण आता मोठ्या पित्याबद्दल बोलत नाही आहोत, वेगळ्याच कशाबद्दल बोलतो आहोत.

रॅम्झीची ही घडण वाचली की सीमाभागातल्या माणसाला एकच अभंग आठवावा. ‘कानडाऊ विठ्ठलु कर्नाटकु, तेणें मज लावियला वेधु.’ इथल्या भजनी मंडळांत तो अभिमानानं गायला जातो, आणि अभिमान वाटतो तो बहुतेक याच ओळीचा. पण खरा ठेवा पुढे आहे. ‘शब्देविण संवादु, दुजेविण अनुवादु.’ संवाद हा नमुना, अगदी ओळखीचा. दोघं बसून बोलतायत. त्याला लावलेलं विशेषण शब्देविण. संवादातून शब्दच काढून घेतले. अनुवाद म्हणजे एकानं म्हटलेलं दुसऱ्यानं पुन्हा म्हणणं, आणि त्यातून दुसराच काढून घेतला. उरलं ते काय आहे हे सांगता येत नाही, म्हणून पुढे ज्ञानेश्वर स्वतःच विचारतात की हे कळावं तरी कसं, परेच्याही, म्हणजे वाणीच्या सगळ्यात आतल्या पातळीच्याही, पलीकडे बोलणं खुंटलं तिथे वैखरीनं, म्हणजे तोंडच्या बोलण्यानं, काय सांगावं.

आणि ते तिथेही थांबत नाहीत. पाया पडायला जावं तर पाऊलच दिसत नाही. तो समोर आहे की पाठमोरा, कळत नाही. मिठी मारायला हात पुढे केले तर मीच मी एकली. एकेका कडव्यात एक माणसाळलेली कृती घेतली आहे, पाया पडणं, समोर उभं राहणं, क्षेम देणं, आणि प्रत्येक वेळी ती शेवटच्या क्षणी निसटते. माझ्या वाचनात सादृश्याचं याहून पूर्ण उदाहरण आलेलं नाही. कारण इथे नुसता नकार नाही. पाऊल दिसलं नाही म्हणून अभंगात बोलणारी विरहिणी परत फिरत नाही, पुढच्या कडव्यात पुन्हा जाते. नमुना मोडतो, पण टाकून दिला जात नाही. मोडतानाच तो काहीतरी दाखवतो.

कर्नाटकातली दुसरी बाजूही हेच करते. बाराव्या शतकातली कन्नड संत अक्कमहादेवी, चन्नमल्लिकार्जुनाला, म्हणजे शिवाला, पती मानणारी. तिच्या एका प्रसिद्ध वचनात, म्हणजे कन्नड भक्तिपर गद्यकाव्यात, ती म्हणते की ज्याला मरण नाही, नाश नाही, रूप नाही अशा देखण्यावर माझा जीव जडला आहे. रूप नसलेला देखणा! ‘देखणा’ या शब्दाला याहून जास्त ताणता येत नाही, आणि तरी ती तो सोडत नाही, कारण ‘देखणा’ सोडला तर जीव जडणंही जातं. आमच्याकडे एकाच गल्लीत एका घरी हरिपाठ आणि शेजारच्या घरी वचनं चालतात. भाषेवरून वाद घालणारी माणसं या बाबतीत मात्र नकळत एकाच शाळेत शिकलेली आहेत. गल्लीच्या टोकाला मशीद असेल, तर तिथल्या कुराणातही एकाच आयतीत आधी ‘त्याच्यासारखं काहीच नाही’ असं येतं आणि लगोलग ‘तो ऐकणारा, पाहणारा आहे’ असं. चर्चमध्ये ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणतात, तिथे ‘स्वर्गातील’ हा शब्द तेच काम करतो. १२१५ साली रोमच्या लॅटरन परिषदेनं ख्रिस्ती लोकांसाठी तसं लिहूनच ठेवलं: निर्माता आणि निर्मिती यांच्यात कितीही मोठं साम्य दाखवलं, तरी त्याहून मोठा फरक शिल्लक राहतो.

आता एक खरी अडचण. आपल्या न्यायशास्त्रात, म्हणजे जुन्या तर्कशास्त्रात, उपमान हे ज्ञानाचं स्वतंत्र साधन मानलं आहे, आणि त्याचं ठरलेलं उदाहरण गवयाचं. गवय म्हणजे एक रानटी जनावर. कधी न पाहिलेल्या माणसाला जंगलातला माणूस सांगतो, गाईसारखा असतो. मग हा जंगलात जातो, तसं जनावर दिसतं आणि ओळखतो, हाच तो. खानापूरच्या जंगलात गव्याची ओळख अशीच पटते. पण इथे साम्य शेवटी डोळ्यांनी ताडता आलं. देवाच्या बाबतीत तो जंगलातला दिवस उगवत नाही. ज्ञानेश्वरांची विरहिणी पाहायला गेली तेव्हा पाऊलही दिसलं नाही. मग उपमा बरोबर बसली की नाही, हे ठरवायचं कशावरून?

मला वाटतं, दोन गोष्टी हाताशी आहेत. पहिली, एकाच उपमेवर विसंबायचं नाही. माऊली, सखा, राणा, चोर, सावकार, अशा नाना उपमा संतांनी एकमेकींच्या अंगावर टाकल्या, कारण प्रत्येक उपमा दुसरीची चूक दुरुस्त करते. नुसती राजाची उपमा धरून बसलं की काय होतं ते आपण पाहतोच. देव दरबार भरवतो, त्याला नजराणा लागतो, नवस म्हणजे करार होतो आणि काम झालं नाही की भक्त फसवल्यासारखा बोलतो. मला नवसाची हेटाळणी करायची नाही; सौंदत्तीच्या डोंगरावर पोरगं जगावं म्हणून लोटांगण घालत जाणाऱ्या बाईला हसण्याचा कुणालाही अधिकार नाही. पण तिथल्याच यल्लम्माची रीत पाहा. एका पौर्णिमेला देवी विधवा होते, तिचा चुडा फुटतो. पुढे दुसऱ्या पौर्णिमेला ती पुन्हा आहेव होते. राजाच्या उपमेत हे बसूच शकत नाही. मागणारी बाई जिच्यापुढे मागते आहे, तिनं स्वतः गमावलेलं आहे. मायमोनिडीजला हे मुळीच रुचलं नसतं, आणि देवाला सुखदुःख चिकटवण्यातला धोका त्यानं ओळखला होता हे खरंच आहे. तरीही सत्तेच्या उपमेत राहून गेलेलं काहीतरी इथे भरून निघतं, हे मी नाकारू शकत नाही.

दुसरी गोष्ट जास्त अवघड. उपमेला किंमत मोजायची तयारी हवी. १९५० साली अँटनी फ्लू या इंग्रज तत्त्वज्ञानं एका छोट्या निबंधात आस्तिकांना कोंडीत पकडलं. तुम्ही म्हणता, बाप लेकरावर करतो तसं देव आपल्यावर प्रेम करतो. मग एखादं मूल कॅन्सरनं मरायला टेकतं. त्याचा बाप रात्रंदिवस धडपडतो, स्वर्गातल्या बापाचा पत्ता नसतो. तेव्हा तुम्ही म्हणता, देवाचं प्रेम माणसाच्या प्रेमासारखं नसतं. अशा अटी घालत घालत तुमचं वाक्य मरतं. प्रेम नाही असं म्हणायला अजून काय व्हायला हवं, ते तरी सांगा.

हा प्रश्न इंग्लंडातल्या सभेपुरता नाही. ऑगस्ट २०१९ च्या पुरात घटप्रभा, मलप्रभा, कृष्णाकाठच्या गावांत घरं खचली, जनावरं गेली. त्या वेळी ‘देव माऊली’ हे वाक्य ज्याच्या तोंडी होतं त्याला फ्लूच्या प्रश्नापासून पळता येत नव्हतं. ‘त्याची लीला’ एवढं म्हणून मोकळं होणं म्हणजे अर्थ पूर्ण वेगळा मानणाऱ्या त्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसणं. तिथे शब्दच उरत नाही.

संतांनी ती पळवाट घेतली नाही. ‘पतितपावन नाम ऐकुनी आलो मी द्वारा’ असं म्हणून नामदेव पुढे काय म्हणतात? तू पतितपावन नाहीस, म्हणून मी माघारी जातो. जनाबाईनं तर विठ्ठलाला तोंडावर शिव्या दिल्या आहेत. ‘पतितपावन’ किंवा ‘माऊली’ हे शब्द देवाकडे गेल्यावर पूर्ण वेगळे होत असते, तर हे भांडण उभंच राहिलं नसतं. ज्या शब्दाचा अर्थच ठाऊक नाही तो शब्द तू पाळला नाहीस, असं कुणाला म्हणता येत नाही. आणि अर्थ अगदी माणसासारखाच असता, तर भांडण एका दिवसात संपलं असतं. माणूस अशा आईला सोडून गेला असता. नामदेव जातो म्हणतात, पण ते म्हणतात पुन्हा त्यालाच. फ्लूला त्या वेळी उत्तर देणाऱ्यांत बेझिल मिचेल होता. तो म्हणाला, श्रद्धावान माणूस विरुद्ध पुरावा नाकारत नाही. तो त्याला बोचतो, त्याच्या विश्वासाची परीक्षा त्यातच होते. मात्र तो पुरावा निर्णायक आहे असं तो मानत नाही, कारण ज्याच्यावर विश्वास ठेवला त्याची भेट त्याला कधीतरी झालेली आहे. फ्लूचं समाधान यानं झालं नाही, आणि ज्यानं पुरात लेकरू गमावलं त्याचं व्हावं अशी अपेक्षाही कुणी करू नये. तो जे बोलेल, ते अभंगाच्या भाषेत आधीच बसवलेलं आहे, शिव्यांसकट.